पंचमीच्या दिवशीची सुई

आमच्या घरात कुणी औषधाच्या गोळ्यांचं पाकीट अर्धं संपवून फडताळात टाकलं की माझा पारा चढतो. "आता बरं वाटतंय की, कशाला उगीच," असं नातवंडं म्हणतात, आणि मी समोर बसून उरलेल्या गोळ्या त्यांना गिळायला लावते. म्हातारीला दुसरा उद्योग नाही असं त्यांना वाटतं. वाटू दे. बरं वाटणं आणि बरं होणं यांत किती अंतर असतं ते मी माझ्या डाव्या पायावर शिकले. तो काळही असा, की सांगलीच्या पेठेत हळद आणि गूळ मागाल तेवढा मिळे, पण पेनिसिलीन हा शब्द डॉक्टर सोडून कुणाच्या तोंडी नसे.

युद्ध संपून फार दिवस झाले नव्हते. माझं सासर सांगलीजवळ कृष्णाकाठी आणि माहेर शिराळ्याला. शिराळा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं आणि सांगलीत संस्थानचा कारभार चाले. माझं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. पंचमीला शिराळ्याच्या लेकी कुठंही दिलेल्या असोत, माहेरी यायच्याच. न्यायला येणाऱ्या भावाला आमच्याकडे मुराळी म्हणतात. श्रावण लागला की मी पाणी आणताना, धुणं धुताना, भाकरी थापताना, सारखी वाटेकडे बघत असे, आणि घरातले सगळे माझी चेष्टा करत.

माझा मुराळी म्हणजे माझा एकुलता एक थोरला भाऊ. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. आईनं एकटीनं रान कसून आम्हा दोघांना वाढवलं होतं. दादा मोठा झाला तसा पलटणीत गेला, पण बंदूक चालवायला नव्हे. लष्करी इस्पितळात तो नर्सिंग शिपाई होता. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या आणि सुया टोचायच्या, हे त्याचं काम. परत आल्यावर पारावरची माणसं त्याला म्हणायची, "लढाईला गेला आन् बायकांचं काम करून आला की रं!" दादा हसून सोडून द्यायचा. मला ते सहन होत नसे. मी एकदा एका काकांना पारावरच असं काही सुनावलं, की नंतर ते मला बघून रस्ता बदलत.

त्या श्रावणात शेतातून येताना माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. वरचा निघाला, टोक आत राहिलं. सासूबाईंनी गूळ-चुना लावून पाय बांधला. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हाताला गुण होता, आणि गावातली निम्मी गळवं त्यांच्या गूळ-चुन्यानंच फुटली होती. माझं मात्र फुटेना. पाय घोट्याच्या वर सुजला, जांघेत अवधानाची गाठ आली आणि अंगात असा ताप भरला, की अंगावर दोन वाकळा टाकूनही माझे दात वाजत होते. मला एकच चिंता होती, या पायानं आता माहेरी कसं जाणार.

दादा आला तो हातात बांगड्यांचा डबा घेऊन, उंबऱ्यातूनच माझी थट्टा करत. "आलाय मुराळी, उठा बाईसाहेब!" मग त्यानं माझा पाय बघितला आणि त्याचं हसू पार मावळलं. घोट्यापासून एक लाल रेघ पोटरीवरून गुडघ्याकडे चढली होती. त्यानं तिच्यावरून नुसतं बोट फिरवलं.

"ही रेघ कवापासनं हाय?"

"कालपासनं दिसतीया," सासूबाई म्हणाल्या. "पिकतंय. फुटंल दोन दिसांत."

"आवं मावशी, हे फुटायचं न्हाई, चढायचं हाय. इख रक्तात चाललंय." आणि माझ्या मालकांकडे वळून तो म्हणाला, "दाजी, बैलं जुपा. शिराळ्याला न्हाई, सांगलीला."

त्या प्रवासातलं मला फारसं आठवत नाही. पेठेतून जाताना हळदीचा वास नाकात शिरला तेवढं आठवतं. एरवी तो वास मला फार आवडायचा, त्या दिवशी मी पदर नाकाला लावला. डॉक्टरांचा दवाखाना एका जुन्या घरात होता, माडीवर चार खाटा. डॉक्टर उंच आणि फटकळ. त्यांनी टाच चिरली, घाण काढली, काट्याचं टोक मला दाखवलं आणि दादाला म्हणाले, "आणखी एक दिवस उशीर झाला असता तर मी हिला हात लावला नसता." मी ऐकते आहे याची त्यांना फिकीर नव्हती.

मग ते औषध आलं. बोटभर काचेची कुपी, तिला रबराचं बूच आणि तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. युद्धात ते फक्त सैनिकांना मिळे, बाहेर मिळू लागून थोडेच दिवस झाले होते. दादाला मात्र ते ओळखीचं होतं. ती कुपी बघून त्याचा चेहरा असा काही खुलला, की मला तेवढ्या तापातही धीर आला. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी कधी सुई घेतली आहे का, कशानं अंगावर पित्त उठतं का. सुई दिल्यावर ते उठून गेले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "खाज सुटली, जीव घुसमटला, तर लगेच सांगायचं. लाजायचं नाही." मी लाजणाऱ्यांतली नव्हेच. तसं काही झालं नाही, पण तो एवढा फटकळ माणूस माझ्या श्वासाकडे बघत बसला होता हे मी विसरलेले नाही.

दर तीन तासांनी सुई. भुकटी पाण्यात कालवली की ते पाणी गार ठेवावं लागे. बर्फाच्या कारखान्यातून हमाल गोणपाटात आणि भाताच्या तुसात गुंडाळलेली लादी आणायचा आणि ती माडीच्या कोपऱ्यात ठिबकत राहायची. सुई एकदा डाव्या कुल्ल्यात, एकदा उजव्या. मला कुशीवर वळता येईना. मी डॉक्टरांना मनातल्या मनात आणि दादाला तोंडावर शिव्या दिल्या. दादा म्हणायचा, "दे, दे. शिव्या द्यायला लागलीस म्हंजी वाचलीस."

खरंच तसं झालं. ताप उतरला, रेघ फिकट होत होत दिसेनाशी झाली, आणि मला लगेच पंचमी आठवली. झोके, फेराची गाणी, आईच्या हातची उकडलेली पुरणाची दिंडं. मी रडून-भेकून सगळ्यांना नको नको केलं. शेवटी डॉक्टर वैतागले. त्यांनी दादाला आपल्यासमोर हात धुवायला लावले, सुई उकळायला लावली, एक सुई टोचायला लावली आणि मान डोलावली. मग त्यांनी दुसऱ्या जातीच्या कुप्या काढल्या. यात तेच औषध तेलात आणि मेणात कालवलेलं होतं. ते अंगात हळूहळू झिरपतं, म्हणून रोज सकाळी एकच सुई पुरे आणि बर्फही नको.

"ताप उतरला म्हणजे जंतू मेले असं समजू नका," ते आम्हा दोघांना म्हणाले. "दबलेत फक्त. कुप्या संपेपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही. मध्येच सोडलं आणि उरलेले पुन्हा उठले, तर मी काही सांगू शकत नाही. आणि ती रेघ परत दिसली तर पहिल्या मोटारीनं इकडं यायचं."

सर्व्हिस मोटारीनं आम्ही शिराळ्याला पोहोचलो. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझा पाय हातात घेतला आणि त्या पट्टीवरून कितीतरी वेळ हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी नागचतुर्थी होती. त्या दिवशी बहिणीनं भावासाठी उपास धरायचा असतो. दादानं मला उपास करू दिला नाही, पुढ्यात बसून दूधभाकरी खायला घातली. "तिचा बी मीच धरते," आई म्हणाली. आता एका माणसानं दोन उपास कसे धरायचे हे मी विचारलं नाही, पण तिनं दिवसभर पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही.

त्या सकाळची सुई मात्र गाजली. दादानं पितळी पातेल्यात सुई आणि काचेची पिचकारी उकळत ठेवली आणि तो हात धुवायला गेला. तेवढ्यात आईनं पाण्यात तुळशीचं पान टाकलं.

"आये, हे काय?"

"पवित्र व्हतं."

"सुई पवित्र न्हाई करायची, सोच्छ करायचीया!"

"मग? तुळस काय घाण हाय?"

दादानं कपाळावर हात मारला, सगळं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून उकळलं. तेलाचं औषध असल्यामुळे पिचकारीत पाण्याचा टिपूस राहिलेला चालत नसे. म्हणून ती झाकून कोरडी होईपर्यंत थांबायचं, तोवर औषधाची कुपी कोमट पाण्यात धरायची, मग सुई टोचल्यावर दट्ट्या जरासा मागं ओढून रक्त येत नाही ना ते बघायचं आणि मगच औषध सोडायचं. ती सुईही जाड, गोणी शिवायच्या दाभणाची बहीण. मी ओरडले तेव्हा आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून घेतले. सुई तिलाच टोचत होती असा तिचा चेहरा झाला होता.

आणि पंचमी उजाडली.

शिराळ्यात पंचमी म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पकडलेले जिवंत नाग मडक्यात घालून, वर फडकं बांधून घरोघर आणतात आणि बायका दारात त्यांची पूजा करतात. नाग म्हणजे आमच्याकडे बायकांचा भाऊ. त्या दिवशी घरात काही चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. सुईदोरासुद्धा हातात धरायचा नाही. जी हे मोडेल तिच्या भावाला ते बाधतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलो होतो.

दादानं सकाळी पातेलं चुलीवर ठेवलं, तशी आईनं ते उचललं.

"आज न्हाई."

"काय आज न्हाई?"

"आज सुई टोचायची न्हाई. उद्या दे. तिला बरं हाय, रात्री झोपली, चार घास जेवली. एका दिसानं काय व्हतंय?"

दादानं तिला समजावलं. डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. मग तो चिडला, ओरडला. आई ओरडली नाही. ती म्हणाली, "तू तकडं गोळ्यांत व्हतास तवा मी दर पंचमीला नागोबाला काय म्हणत व्हते, ठावं हाय? देवा, तुझा दिस मी डोळ्यांत तेल घालून पाळते, तू माझ्या लेकावर डोळा ठेव. पातळ फाटलं तर ते तसंच नेसून फिरले, पर टाका घातला न्हाई. म्हणून तू माझ्यापुढं हुभा हायस. आता त्याच दिशी, तुझ्याच हातानं, तुझ्याच भनीच्या अंगात सुई? माझ्या गळ्याची आण हाय तुला."

आईची आण मोडायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती. दादा परसात जाऊन बसला. मी खाटेवर पडून दोघांचं ऐकत होते. मला सुई हवी होती आणि त्याहून जास्त दादा हवा होता. आईचं बोलणं मला खुळेपणाचं वाटलं असं मी आज म्हणू शकेन, पण ते खोटं होईल. मलाही भीती वाटत होती.

उन्हं वर आली तशी अंगात कणकण आली. मी कुणाला बोलले नाही. बाहेर पोरी झोके घेत होत्या, फेराचं गाणं चाललं होतं, आणि मला माझे दात वाजल्याचं ऐकू आलं. दादा आत आला, त्यानं माझ्या कपाळाला हात लावला आणि पट्टीच्या वर बघितलं. घोट्याशी ती रेघ पुन्हा उमटली होती. फिकी होती, पण होती.

"मोटारीनं सांगलीला नेतो," तो म्हणाला. पण त्या दिवशी सगळा मुलूख शिराळ्यात लोटलेला, रस्ते माणसांनी भरलेले. उद्या सकाळपर्यंत मोटार सुटणार नव्हती. त्यानं आईला बोलावलं आणि तिचं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं.

"ही बघ, आये. आता मी भांडत न्हाई. नुसतं सांगतो. तकडं एकदा औषधाच्या गाड्या चिखलात अडकल्या. चांगली बरी होत आल्याली पोरं व्हती, हसत-बोलत व्हती. सुया चुकल्या. गाड्या आल्या तवर त्यांतली काही गेली. माझ्या हातात गेली." त्यानं आईचं बोट सोडलं. "मी परत आलो ते तुझ्या पंचमीनं आलो, मला मान्य हाय. पर त्यांच्याबी आया पंचमी पाळत व्हत्या, आये."

आई माझ्या पायाशी बसून राहिली.

तेवढ्यात दारात हलगी वाजली. आमच्या आळीत नागोबा आले होते. आई उठली, डोक्यावर पदर घेतला आणि हळदकुंकू, लाह्या आणि दुधाची वाटी घेऊन बाहेर गेली. खाटेवरून मला उघडं दार दिसत होतं. माणसांनी मडक्याचं फडकं सोडलं, नाग फणा काढून उभा राहिला. आळीतल्या बायका भोवती जमल्या. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, लाह्या उधळल्या, हात जोडले. दरवर्षी करायची तसंच सगळं.

मग ती वळून घरात आली आणि सैपाकघरात गेली. परत निघाली तेव्हा तिच्या एका हातात विळी होती आणि दुसऱ्या हातात काकडी. मला वाटलं तिला भ्रम झाला. ती सरळ दारात गेली, नागासमोर जमिनीवर बसली, विळी पायाखाली दाबली आणि सगळ्या आळीदेखत ती काकडी चराचरा चिरली.

गाणं थांबलं. हलगी थांबली. कुणीतरी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला.

"देवा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज जराही कापला नाही, "बघून ठेव. आजचा दिस मी मोडला. माझ्या पोरीनं न्हाई, पोरानं न्हाई. आता ह्याच्या फुडं ह्या घरात जे टोचंल, कापंल, ते समदं माझ्या सांगण्यानं. धरायचं तर मला धर."

ती उठली, विळी आडवी केली आणि दादाकडे बघून म्हणाली, "पाणी ठेव उकळायला."

दादानं घाई केली नाही. हात धुतले, सुई उकळली, पिचकारी कोरडी होऊ दिली, कुपी कोमट पाण्यात धरली, काही सोडलं नाही. मी ओरडले नाही. आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि यावेळी तिनं डोळे मिटले नाहीत.

त्या संध्याकाळी आळीतून आमच्याकडे दिंडाचं ताट आलं नाही, आणि आमचं कुणी घेतलं नाही. आईनं त्याचा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी दादानं मला पहिल्या मोटारीनं डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय तपासला, आम्हा दोघांना भरपूर झापलं, आणखी कुप्या दिल्या, आणि त्या शेवटची संपेपर्यंत दादानं रोज सकाळी पातेलं चुलीवर ठेवलं. रेघ गेली ती परत आली नाही. मी जराशी लंगडत का होईना, चालायला लागले, सासरी गेले, कामाला लागले. पंचमीचं ते सगळं आता मिटलं असं मी धरून चालले होते.

पुढच्या श्रावणात दादा पुन्हा मुराळी म्हणून आला. शिराळ्याला आल्यावर आम्ही तिघं रानात निघालो. पावसानं बांधावर गुडघाभर गवत माजलं होतं. अशा वाटेनं साप-किरडू बाजूला व्हावं म्हणून पुरुषानं काठी आपटत पुढं चालायचं आणि बायकांनी मागून यायचं, अशी आमच्याकडची रीत. दादा काठी घेऊन पुढं झाला, तशी आईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि स्वतः पुढं झाली. पायात वहाण नाही, हातात काठी नाही.

"ही काय तऱ्हा?" मी दादाला हळूच विचारलं.

"वरीसभर हेच चाललंय," तो म्हणाला. "हिरीवर जायचं असू दे, वैरण काढायची असू दे, आधी ही. मला फुडं हूच देत न्हाई. वहाणा बी सोडल्या."

मला एकदम सगळं कळलं आणि रडू आवरेना. मी तशीच लंगडत धावले आणि तिचा पदर धरला. "आई, काठी तरी घे गं!"

"मी नागोबाला तोंडानं सांगितलंय न्हवं, मला धर म्हणून," आई मागं न बघता म्हणाली. "मग आता माझ्या पोरांतनं मला हुडकत बसायला लावू व्हय त्याला?"

तिनं माझ्या हातातून पदर सोडवून घेतला, तो कमरेला खोचला आणि ती गवतात शिरली.